आंबा कुणी चावला?

कोल्हापूर,
मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुमे,

तुझे तीन फोन उचलले नाहीत ते रागानं नव्हे. राग आहे, पण तो टोपलीवरून, आणि तो जुना. फोनवर बोलायचं तर आई शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहायला बसलो. व्हय, ‘बसलो’च. पुण्यात जाऊन तू ‘बसले-उठले’ करायला लागलीस, मी काही सुधारणार नाही. तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. ह्यांची पाठ धरते-सोडते.

तर ऐक. रविवारी ताराबाई पार्कात एका पाच वर्षांच्या पोरीचा वाढदिवस होता. 40 कपकेक, सगळे फळांचे. 10 आंबे, 10 संत्री, 10 कलिंगडं, 10 स्ट्रॉबेऱ्या. पावसाळ्यात फाँडंट, म्हणजे वर सजवायचा तो साखरेचा गोळा, जिवाला घोर. साखरच ती, हवेतलं पाणी ओढते आणि बोटाला चिकटते. फ्रिजमध्ये ठेवलं तर बाहेर काढल्यावर त्याला आपल्यापेक्षा जास्त घाम. म्हणून त्यात घट्ट करणारी सीएमसी पावडर मळायची आणि पंख्याखाली वाळत ठेवायचं, दुसरा इलाज नाही. रात्री दोनपर्यंत जागलो. संत्र्याचा गोळा किसणीच्या बारीक बाजूवर हलकाच फिरवला की साल होते, वर देठाला लवंग. कलिंगडाचं गुपित पोटात असतं. लाल पिठात चॉकलेट चिप्सच्या बिया, त्या आधी मैद्यात घोळवायच्या, नाहीतर भाजताना सगळ्या तळाला जाऊन बसतात. पहिल्या वेळी माझं अख्खं कलिंगड बुडालं होतं आणि तू फोटो बघून ‘हे जांभूळ का?’ म्हणून विचारलं होतंस. विसरलो नाही.

आंबे मात्र आईचे. 74 वर्षांची बाई, पण रंगाला बसली की शाळा सुरू. म्हणते, आंबा आधी कच्चा रंगवायचा, मग पिकवायचा. म्हणजे पहिल्यांदा फिकट हिरवा, वाळला की त्यावर पिवळा, खांद्यावर जरा केशरी, देठाजवळ दोन तपकिरी ठिपके. ब्रश नवीन आणून दिला तर ‘ह्याला टोक कुठाय?’ शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या पोरांवर ओरडायची तशी माझ्यावर ओरडते, ‘सावली कुठं पडली? सावली दाखव!’ अगं, खायचं आहे ते.

बॉक्स स्कूटरवर दोन पायांमध्ये धरून पोचवून आलो. संध्याकाळी सातला फोन. ‘ताई, एक आंबा लाकडाचा निघाला.’

मला वाटलं केक कडक झाला म्हणून टोमणा मारतायत. तर नाही. लाकडाचाच. पोरीच्या आजोबांनी चावला आणि कवळी हातात आली.

कुठला आंबा ते तुला सांगायला नको. तुमच्या शोकेसमधला. सावंतवाडीच्या चितारआळीतनं काकांनी आणलेला, काकूंनी घर सोडताना टोपलीसकट आईला दिलेला. (टोपली तुला हवी होती हे मला तेव्हा कुणी सांगितलं? सहा महिने अबोला धरलास, त्यापेक्षा एकदा तोंडानं मागायची होतीस.) आणि माझा दहावा आंबा? सोमवारी सकाळी आमच्या शोकेसमध्ये, त्याच टोपलीत, लाकडी केळ्याच्या आणि सीताफळाच्या मध्ये शहाण्यासारखा बसलेला. मुंग्यांची रांग लागली होती म्हणून सापडला.

आता ही चेष्टा का विसर, सांग. भाऊ सांगलीहून म्हणतो, ‘आईच ती, मुद्दाम केलं असणार.’ तेही खरं. हेडमास्तरांना साबणाची बर्फी खायला घालणारी बाई आहे. तिकडच्या लोकांनीही हसण्यावारी नेलं, पैसे पूर्ण दिले. वर दोन बायकांनी फोन करून विचारलं, आमच्या बॉक्समध्ये पण एक लाकडाचा टाकाल का? नाद खुळा आहे सगळा.

पण मे महिन्यात एका पहाटे उठून तिनं मला विचारलं होतं, ‘पोरांचे ड्रॉइंग बोर्ड आले का?’ झोपेत होती म्हणून सोडून दिलं. मग कपिलतीर्थ मार्केटात पिशवी शोधत होती, पिशवी खांद्याला. तसलं तर माझंही होतं, चष्मा डोक्यावर ठेवून घर पालथं घालतो मी. आणि परवाच नातवाला चित्रकार आबालाल रहिमान आणि आपलं कोटितीर्थ तळं यावर अर्धा तास सांगत होती, कुठं अडखळली नाही. डॉक्टरकडं न्यायचं म्हटलं तर तिला काय सांगून नेऊ? आंबा दाखवायला?

ह्यांना विचारलं तर ‘वय झालं’ म्हणून कूस बदलली.

शेवटी तिलाच विचारलं. खदखदून हसली. म्हणाली, ‘कोण चावलं? त्या सुमीसारखं असणार कुणीतरी बावळट.’

इथंच अडकलोय मी. सुमे, तो आंबा मी चावला होता ना? दुसरीत. तू आयुष्यभर तेच सांगत आलीस, लग्नाच्या पंक्तीतसुद्धा सांगितलंस. मला तर अजून त्या रंगाची कडवट चव जिभेवर आठवते. म्हणजे आईनं माणूस बदललं. म्हणजे तिचं सुटायला लागलंय. दोन रात्री एवढ्यावरच झोप नाही.

पण मग आंबा घरी परत आल्यावर नीट बघितला. आजोबांच्या कवळीचं काही उमटलं नाही, नुसता रंग निघालाय. जुनी खूण आहे ती शेंड्याकडं, आणि पुढच्या दोन दातांमध्ये मोठी फट आहे तिच्यात. माझ्या दातांत फट कधी होती?

तुझ्या नव्या नोकरीबद्दल विचारायचं राहिलंच. बरं चाललंय ना? पोराच्या बारावीचं काय झालं? काकूंना नमस्कार सांग, गुडघे कसे आहेत त्यांचे?

टोपली तू घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही. लग्नातली पंगतही माफ. फक्त एवढं खरं लिही, आंबा तू चावला होतास का? फोन करू नकोस, आई उचलेल. लिहूनच पाठव, आणि गुरुवारच्या आत. शुक्रवारी 24 आंब्यांची ऑर्डर आहे आणि ती आत्तापासून हिरवा रंग कालवून बसलीय.

तुझी,
मंजी