१३ हॉर्सपॉवरपैकी ११ फक्त कागदावर : ट्यूनिंग कंपनीस तक्रार पत्र

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
(कंपनीचे नाव व पत्ता बिलाप्रमाणे), पुणे

विषय : सॅन स्टॉर्म (२००१) गाडीच्या ‘स्टेज १’ (फिल्टर, सायलेन्सर व इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलणे) कामात झालेली फसवणूक, रक्कम व मूळ भाग परत मिळणेबाबत.

संदर्भ : तुमचे १८ ऑगस्ट २०२५ चे बिल, रु. ६८,५००/-

महोदय,

ऑगस्टमध्ये सावंतवाडीहून एक लाल, दोन सीटांची, कापडी टपाची गाडी तुमच्याकडे आली होती. तुमच्या मुलांनी तिच्यासोबत फोटो काढले होते, म्हणजे लक्षात असेल. नसेल तर तुमच्या जाहिरातीत बघा. मला न विचारता तिचा फोटो तिथे लावलेला आहे आणि खाली ‘+१३ हॉर्सपॉवर’ असे लिहिले आहे. हे पत्र त्या १३ बद्दल आहे.

गाडी कशी आहे ते मला ठाऊक आहे. गोव्यात बनलेली, फायबरची बॉडी, बोनेटखाली रेनॉचे ११४९ सीसीचे आठ व्हॉल्व्हचे इंजिन, ताकद ६० हॉर्सपॉवर. हेच इंजिन फ्रान्समध्ये बाजारहाट करायच्या छोट्या गाड्यांना बसवत. नाव वादळाचे आणि चाल पालखीची! २००८ साली मडगावात सेकंडहँड घेतली तेव्हाही हे माहीत होते. आंबोली घाटात टमटमवाल्याने हॉर्न देऊन बाजू मागितली, तरी मी कधी मनाला लावून घेतले नाही. पण निवृत्त झालो, हातात थोडे पैसे आले आणि तुमची जाहिरात पाहिली : ‘जुन्या गाडीला नवा दम, किमान १२ हॉर्सपॉवर वाढीची हमी.’ मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षे इंजिने खोलली आहेत. खरे तर मला तिथेच शंका यायला हवी होती. हौसेला मोल नसते म्हणतात. मला ते ६८,५०० पडले.

आता मुद्दा. तुम्ही मला डायनोचे, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्राचे, दोन कागद दिलेत. कामाआधीचा ४९.८, कामानंतरचा ६२.९. वाढ १३.१. तुमच्या काउंटरवरच्या साहेबांनी टाळी मागितली आणि मी दिलीसुद्धा. घरी येऊन चष्मा लावून कागद वाचले तेव्हा कळले की पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘व्हील’ छापले आहे आणि दुसऱ्यावर ‘इंजिन’. पहिला आकडा चाकावर मोजलेला. दुसऱ्यात गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंग यांत वाटेत जाणारी ताकद परत मिळवून इंजिनाचा आकडा काढलेला. वाटेत जाणारी ही ताकद तुमच्याच कागदावर इंजिनाच्या आकड्याच्या १५ टक्के धरली आहे. म्हणजे आधी नुसते गरे तोलले आणि नंतर अख्खा फणस तराजूत टाकला. दुसराही आकडा चाकावर आणला तर ६२.९ चे ५३.५ होतात. वाढ १३.१ नाही, ३.७.

इथेच थांबला असतात तरी मी एक वेळ गप्प बसलो असतो. पण पहिल्या कागदावर हवेचे तापमान २७ अंश आहे आणि दुसऱ्यावर ४८. एकाच दिवशी, तीन तासांच्या अंतराने, श्रावणातल्या पुण्यात ४८ अंश? त्या दिवशी मी तुमच्या दारात छत्री घेऊन उभा होतो. डायनोचा संगणक गरम हवेची भरपाई म्हणून आकडा वाढवतो, हे तुम्हाला शिकवायला नको. तापमान मोजायची काडी इंजिनाजवळ लटकवली की झाले. ही भरपाई साधारण साडेतीन टक्के होते. ती काढली की ५३.५ चे ५१.७ राहतात. शेवटी हाती काय लागले? १.९ हॉर्सपॉवर. हमी १२ ची होती.

आता हे दोन तरी कुठे आले ते सांगतो, कारण तिथे खरे दुखणे आहे.

या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे ओढ, ९३ न्यूटन मीटर, २५०० आरपीएमलाच मिळतो. बिचाऱ्याची सगळी पुंजी तळाशी आहे. म्हणून ६० हॉर्सपॉवरची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता आंबोली चढायची. तुम्ही तिला मोठ्या गाडीच्या मापाचा रुंद पाइप आणि मोकळा सायलेन्सर बसवलात. एवढ्याशा इंजिनाचा धूर त्या पाइपात रेंगाळतो आणि खालची ओढ जाते. वर, ५००० च्या पुढे, थोडी गंमत येते हे मी मान्य करतो. पण घाटात ५००० वर कोण चालवतो? आता धबधब्याच्या वळणावर मला दुसरा टाकावा लागतो. मी स्टॉपवॉच लावून बघितले : चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ८० ला जायला आधी १२.१ सेकंद लागायचे, आता १२.८. तोच सपाट रस्ता, तीच पहाटेची वेळ, तीन-तीन फेऱ्यांची सरासरी. ताकद वाढवायला दिलेली गाडी हळू झाली, आणि तिचा आवाज मात्र असा की गल्लीतली कुत्री आमच्या घरावरून जायची बंद झाली.

एअर फिल्टरचीही तीच कथा. मूळ बंद डबा पुढून थंड हवा घ्यायचा. तो काढून तुम्ही उघडा, लाल, शंकूसारखा फिल्टर थेट इंजिनाच्या कुशीत बसवलात. दिसतो छान. पण बोनेटखाली मी मोजले तेव्हा ६० अंश होते आणि बाहेर ३२. तेवढ्या फरकाने हवा आठ टक्के विरळ होते. इंजिनाला भरपेट जेवण द्यायच्या नावाखाली तुम्ही ताट मोठे केले आणि भात कमी वाढलात.

तुमच्या ‘मॅप’ने, म्हणजे इंजिनाच्या संगणकात घातलेल्या नव्या प्रोग्रामने, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे ओढले आहे. चढावर भर दिला की टकटक ऐकू येते. फोनवर विचारले तर उत्तर मिळाले, “सर, महागडे पेट्रोल टाका.” हे काम घेताना का नाही सांगितले? साध्या पेट्रोलवर २४ वर्षे मुकाट चाललेल्या इंजिनाला म्हातारपणी पथ्य लावायचे, तर आधी विचारायची रीत असते.

मागचा बंपर फायबरचा आहे. नव्या सायलेन्सरचे तोंड त्याच्यापासून बोटभर अंतरावर आहे. तिथला रंग पिवळा पडून फोड आले आहेत. हा बंपर दुकानात मिळत नाही, कंपनी कधीच बंद झाली. तो साच्यावर करून घ्यावा लागेल.

आणखी एक. तुमचे साहेब म्हणाले होते, “आरटीओचा काही प्रश्न येत नाही.” गाडीची फेरनोंदणी पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये आहे. हा आवाज घेऊन मी तपासणीला उभा राहणार कसा? गाडीतल्या फेरफारांबद्दल मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ काय म्हणते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये अशा गाड्यांबद्दल काय निकाल दिला, हे या धंद्यातल्या माणसाला माहीत असायला हवे. मी मूळ सायलेन्सर परत मागितला तर ‘भंगारात गेला’ असे सांगण्यात आले. माझ्या मालकीची वस्तू माझ्या परवानगीशिवाय भंगारात कशी गेली?

सगळेच वाईट झाले असेही नाही. तुमच्याकडच्या एका तरुण मेकॅनिकने टायमिंग बेल्ट आणि प्लग बदलले ते काम नंबर एक आहे. बेल्टवर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले, जुना बेल्ट मला दाखवला. त्या कामाचे रु. ७,४०० मी परत मागत नाही. आणि त्यानेच मला हळूच सांगितले होते, “काका, या इंजिनातून फिल्टर-सायलेन्सरवर दोन-तीनच्या वर काही निघत नाही.” मी ऐकले नाही. तो तुमच्या काउंटरवर बसला असता तर हे पत्र लिहावे लागले नसते. या वाक्यावरून कृपया त्याला त्रास देऊ नये.

माझ्या मागण्या अशा : रु. ६८,५०० मधून वरील रु. ७,४०० वजा जाता रु. ६१,१०० परत करावेत. मूळ सायलेन्सर आणि फिल्टरचा डबा परत द्यावा, किंवा त्याच मापाचा सायलेन्सर बसवून द्यावा. इंजिनाच्या संगणकातला मूळ प्रोग्राम, जो तुम्ही ‘सेव्ह करून ठेवलाय’ म्हणाला होतात, तो पूर्ववत घालावा. बंपरच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा. आणि जाहिरातीतून माझ्या गाडीचा फोटो व तो १३ चा आकडा, दोन्ही आजच काढावेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी या दोन्ही मुद्द्यांवर मी जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन. या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे मला पुण्याला यायची गरज नाही, तुम्हाला सिंधुदुर्गात यावे लागेल. येताना आंबोलीमार्गे या, आणि मी म्हणतो त्या वळणावर कोणता गिअर लागतो ते स्वतः बघा.

सोबत : बिल, डायनोचे दोन्ही कागद, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण व बंपरचे फोटो यांच्या प्रती.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व गाडी क्रमांक बिलाप्रमाणे)
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग