बुद्धिबळाकडे परतलेल्या लेकीस

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

दहावीनंतर सुटलेले बुद्धिबळ तू पुन्हा हाती घेतलेस, हे वाचून मला फार आनंद झाला. परंतु पहिल्याच खुल्या स्पर्धेत नऊ-दहा वर्षांच्या मुलांकडून हरल्यामुळे ‘आता माझे वय राहिले नाही’ असे तू लिहिलेस, ते मात्र मला पटले नाही.

त्या पराभवांमागे थोडा हिशेबाचाही भाग आहे. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेची मानांकन यादी, म्हणजे खेळाडूंच्या ताकदीच्या आकड्यांची यादी, महिन्यातून एकदा निघते आणि तीही खेळलेल्या स्पर्धांवरूनच. रोज तासन् तास सराव करणारे मूल त्याहून वेगाने तयार होते, म्हणून त्याच्या नावापुढचा आकडा त्याच्या खऱ्या ताकदीच्या मागे राहिलेला असतो. शिवाय ही मुले संगणकाने तपासलेल्या सुरुवातीच्या चाली पाठ करून येतात. नोकरी आणि लहान मूल सांभाळून त्या पाठांतरात तू त्यांना गाठू शकणार नाहीस, आणि त्याची गरजही नाही. पांढऱ्याकडून एक सुरुवात आणि काळ्याकडून दोन उत्तरे नीट समजून घे. उरलेला सगळा वेळ डावाच्या अखेरीला दे.

अखेरीचे ज्ञान जुने होत नाही, म्हणून माझा हा आग्रह आहे. हत्तीविरुद्ध हत्ती आणि एक जादा प्यादे, असा डाव तुझ्यासमोर वारंवार येईल. अठराव्या शतकात फिलिदोर या फ्रेंच खेळाडूने त्यात प्यादे कमी असलेल्या बाजूचा बचाव दाखवला: आपला राजा प्याद्याच्या वाटेत ठेवावा, हत्तीने आपल्या बाजूची तिसरी ओळ अडवून धरावी, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येत नाही, आणि प्यादे त्या ओळीत सरकले, की लगेच हत्ती पटाच्या दूरच्या टोकाला नेऊन मागून शह देत राहावे, कारण आता त्या राजाला दडायला प्याद्याचा आडोसा उरलेला नसतो. आज सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची अचूक उत्तरे संगणकाने काढून ठेवली आहेत, आणि त्यांतही हा बचाव बरोबरीचाच ठरतो. तसेच नुसत्या राजा-प्याद्याच्या डावात, राजा आपल्या प्याद्याच्या पुढे, आपल्या बाजूने मोजून सहाव्या ओळीत पोहोचला, की चाल कोणाचीही असो, डाव जिंकतो. फक्त कडेच्या प्याद्याला हा नियम लागू नाही. हे का घडते ते एकदा पटावर स्वतः मांडून पाहिलेस, तर पाठ करावे लागणार नाही. असे कारण समजून घेण्याची कुवत आज तुझ्यात शाळेतल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आपल्या देशाची बुद्धिबळपटू कोनेरू हंपी हिचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. 2016 नंतर सुमारे दोन वर्षे ती खेळापासून दूर होती, 2017 मध्ये तिला मुलगी झाली, आणि डिसेंबर 2019 मध्ये मॉस्को येथे ती जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. 2024 मध्ये न्यूयॉर्कला तिने तेच विजेतेपद पुन्हा मिळवले. पुढच्याच वर्षी जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्या नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने तिला हरवले. निम्म्या वयाच्या मुलीकडून हरूनही हंपीच्या खेळाचे मोल तिळभर कमी झाले नाही. ती पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाली होती, तेव्हा तिच्या यशाशी तुलना नको. परंतु खंड पडल्याने जाण पुसली जात नाही, एवढे तिच्याकडून नक्की घे.

मोबाइलवरचे तीन-तीन मिनिटांचे डाव तूर्त बंद ठेव. त्यांत हात जुन्या सवयीने चालतो आणि विचार मागे राहतो. त्याऐवजी आठवड्यातून एकच डाव खेळ, पण प्रत्येकी निदान अर्ध्या तासाचा, आणि खेळताना चाली लिहून काढ. नंतर आधी स्वतःच्या डोक्याने तपास आणि मगच संगणकाला विचार. ज्या स्पर्धेत हरलीस, तिच्यातल्या डावांच्या नोंदी मला पाठव. विशेषतः ज्या डावात तू हत्तींची अदलाबदल केलीस, तो मला पाहायचा आहे. तिथे हत्ती राखले असते तर बरोबरी होती, असा माझा अंदाज आहे.

तुझे
बाबा