ज्यांची नावं माहीत नाहीत त्या सगळ्यांना थँक्यू

परवा एमएस्सीचा रिझल्ट लागला, पास झाले. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. आई-बाबा दिवाळी झाली की बीडहून ऊसतोडीला जाणार, त्यामुळं ॲडमिशनचा कॅप राउंड म्हणजे काय, नॉन-क्रीमिलेअरचा दाखला कुठून काढायचा हे घरी विचारणार तरी कुणाला.

तहसीलबाहेरच्या झेरॉक्सवाल्या दादांनी दाखल्यावरचं आणि मार्कशीटवरचं माझं नाव वेगळं आहे हे बघितलं आणि "ताई, असंच अपलोड केलं तर महाडीबीटीवरून स्कॉलरशिपचा फॉर्म परत येईल बघा" म्हणून थांबवलं, वर झेरॉक्सचे पैसे पण घेतले नाहीत.

मग पुणे विद्यापीठात पहिल्या वर्षी स्कॉलरशिप अडकलेली, मेसचे पैसे संपलेले, मी जयकर लायब्ररीबाहेर रडत बसलेले (हो, सगळ्यांसमोर), तेव्हा एका ताईनं काही न विचारता डबा उघडून अर्धी भाकरी पुढं सरकवली. 'कमवा आणि शिका' योजनेचं तिनंच सांगितलं, फॉर्म कुठं मिळतो ते दाखवायला सोबत पण आली, आणि मी वेडी तिचं नावच विचारलं नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या त्या सिनिअरनी तर रात्री एक वाजता माझा सीव्ही चारदा दुरुस्त करून दिला, त्यांचा चेहरा अजून पाहिला नाही.

ताई, निळ्या झाकणाचा डबा, शेंगदाण्याची चटणी, आठवतंय का? हे वाचलंस तर मेसेज कर गं. अर्धी भाकरी देणं लागते मी तुझी.