टवका न काढता दगडाची ओळख

नागपूर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या आजोबांच्या गोल मेजाची पच्चीकारीची (रंगीत दगडांचे तुकडे बसवून केलेली) फरशी सुखरूप पोचली. टवका काढून त्यावर आम्ल टाकून पाहा, असे सांगणाऱ्या त्या व्यापाऱ्याचे तू ऐकले नाहीस, हे फार बरे केलेस. संगमरवर मुख्यतः कॅल्साइट किंवा डोलोमाइट या खनिजांचा असतो; कॅल्साइटावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल लगेच फसफसते आणि डोलोमाइटावर भुकटी केल्याशिवाय जेमतेमच, एवढेच त्यातून कळले असते. झिलईवरचा डाग मात्र कायमचा राहिला असता.

आम्ही फरशीवर रामन वर्णपटमापक वापरला. (ज्यांच्या नावाचे हे यंत्र, ते भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन १९१० साली आपल्या नागपुरात हिशेबखात्यात नोकरीला होते, हे तुला ठाऊक असेलच, त्यांचा शोध १९२८चा.) लेसरचा किरण दगडावर पडला की विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग आपली तरंगलांबी बदलून परततो, आणि तो बदल खनिजातील अणूंच्या कंपनांवर ठरत असल्यामुळे प्रत्येक खनिजाचा वर्णपट वेगळा उमटतो. मधल्या पांढऱ्या दगडाने १०८६, ७१२ आणि २८२ या जागी रेषा दिल्या (हा बदल ‘प्रति सेंटीमीटर’ या एककात मोजतात), म्हणजे तो कॅल्साइट. पण काठाच्या पट्टीतील, डोळ्यांना तसाच दिसणारा दगड १०९७, ७२५ आणि ३०० दाखवू लागला, म्हणजे तो डोलोमाइट. अकरा एककांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण यंत्राला तो सहज दिसतो.

हिरव्या पाकळ्या सर्पेंटाइन या वेगळ्याच हिरव्या खनिजाच्या निघाल्या. बाजारात त्याला हिरवा संगमरवर म्हणतात आणि राजस्थानात ऋषभदेवचा असा दगड प्रसिद्धही आहे, मात्र भूवैज्ञानिक त्याला संगमरवर म्हणणार नाही. काळ्या तुकड्यांनी आम्हांला सर्वांत जास्त छळले. काळा दगड प्रकाश शोषून तापतो, म्हणून लेसरची शक्ती अगदी कमी ठेवून बराच वेळ थांबावे लागले. तेव्हा कुठे कॅल्साइटाच्या रेषांसोबत १३५० आणि १६००च्या आसपास कार्बनचे दोन रुंद उंचवटे दिसले. लेसर पडताच जुन्या मेणाच्या थरातून निघणारी चमक तर सगळीकडेच आड येत होती.

आता तुझा खरा प्रश्न: हा राजस्थानातल्या मकराण्याच्या खाणींतला संगमरवर आहे का? मधला दगड कॅल्साइट असल्यामुळे मकराण्याचा असू शकतो, याहून अधिक मी लिहून देणार नाही, कारण हे यंत्र खनिज सांगते, खाण सांगत नाही. काठाचा डोलोमाइट पाहा: तसा दगड राजस्थानात राजनगरकडे मिळतो आणि आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारच्या परिसरातही. खाणीकडे बोट दाखवायचे तर कार्बन व ऑक्सिजनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) मोजावी लागतील आणि त्यासाठी काही मिलिग्रॅम भुकटी लागेल. ती फरशीच्या खालच्या, चुना लागलेल्या बाजूने घेता येईल, पण तुझ्या होकाराशिवाय मी हात लावणार नाही.

आणि वहिनींना सांग, फरशी परत आल्यावर ती लिंबाने पुसू नये. मधला दगड कॅल्साइट आहे.

तुझा,
विनायक