पेटी अमेरिकेला धाडायच्या आधी हे वाच

सांगली

प्रिय पक्या,

फोटो मिळाले. एकदम एवढे टाकलेस की फोन गरम झाला, आणि खाली एकच ओळ, "भाचा पुढच्या महिन्यात डॅलसला चाललाय, अण्णांच्या जुन्या नाण्यांची सगळी पेटी त्याच्याबरोबर ग्रेडिंगला, म्हणजे नाणी पारखून नंबर लावायला, देतो, काय म्हणतोस?" म्हणतो काय लका, आधी ती पेटी पोराच्या बॅगेत जायची थांबव. फोनवरच सांगणार होतो पण तू मधेच "बरं बरं" करून ठेवून देतोस, म्हणून बसून टाइप करतोय, निवांत वाच.

आपल्याकडं 1972 चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं म्हणजे कायद्यानं पुरावशेष, मग ते सोन्याचं असो का तांब्याचं, आणि ते देशाबाहेर न्यायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला नायतर सरकारनं नेमलेल्या संस्थेला. आपण कुरियरनं पाठवा, पोस्टानं पाठवा नायतर भाच्याच्या मोज्यात गुंडाळून न्या, ती निर्यातच झाली. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, वर दंड. "परत आणणारच आहे की" हे विमानतळावर कोण ऐकून घेत नाही. पोरगं शिकायला चाललंय, त्याच्या पासपोर्टशी कशाला खेळायचं.

आता या चाळणीतून तुझी पेटी काढ. व्हिक्टोरियाचे राणीछाप रुपये सगळे गेले, 1840 चा असो नायतर 1862 चा. सातव्या एडवर्डचे 1910 ला संपले, तेही गेले. पंचम जॉर्जचा चलनातला रुपया 1922 पर्यंत पडला, म्हणजे तोही शंभरी पार. शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासूनची तांब्याची नाणी, तर विचारूच नको. मग तुझ्या पेटीत राहिलं काय, तर सहाव्या जॉर्जची नाणी आणि स्वातंत्र्यानंतरची. अण्णांनी जमवलेल्यातला निम्म्याहून जास्त माल कायद्यानं इथंच राहायचा. घरात ठेवायला काही हरकत नाही, तेवढी काळजी करू नको.

पण समज कायदा नसता तरी मी नकोच म्हणलो असतो, आणि ते का ते सांगतो.

ही ग्रेडिंगवाली मंडळी, पीसीजीएस म्हण नायतर एनजीसी, करतात काय? नाणं कुणाचं आहे हे ग्रेडरला कळू देत नाहीत, एकापेक्षा जास्त माणसं स्वतंत्रपणे बघतात, 1 ते 70 मधला नंबर देतात आणि नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात, त्याला स्लॅब म्हणतात. 60 पासून पुढं म्हणजे नाणं चलनात फिरलेलंच नाही. ही 70 ची पट्टी शेल्डन नावाच्या माणसानं 1949 ला अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली होती, तीच पुढं सगळ्यांना लागू झाली. यातून मिळतं काय, तर खात्री. तीही विकणाऱ्याला कमी, लांब बसून फोटोवर बोली लावणाऱ्याला जास्त. तू विकणारच नाहीस तर ती खात्री कुणासाठी विकत घ्यायची? स्वस्तातल्या स्वस्त दरातसुद्धा प्रत्येक नाण्यामागं डॉलर मोजावे लागतात, वर मेंबरशिप, हँडलिंग, जायचा यायचा विमा. आणि 1940 ते 1945 चा रुपया घे, त्यात चांदी निम्मीच, पेटीत चिक्कार आहेत तुझ्या, तसल्याला डबीत घालणं म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू महाग.

आणखी एक. तुझ्या फोटोत राणीछाप रुपये कसले चकचकीत दिसतायत, आरशासारखे. काकू दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायच्या आधी चिंच लावून घासत असणार, आमच्याकडंपण तेच. आपल्याला वाटतं नाणं उजळलं, ग्रेडरला भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात आणि तो सरळ शिक्का मारतो, "साफ केलेलं", नंबर नाही. त्याला डिटेल्स ग्रेड म्हणतात. खरं आहे एवढं सांगणार, पण किंमत पडते ती पडतेच. आज्जीच्या माळेतून काढलेले जे दोन आहेत, कडी डागलेली खूण स्पष्ट दिसतेय, त्यांचंही तेच होणार. काकूंना काही बोलू नको मात्र, पूजेचा पैसा पूजेसाठीच होता, अमेरिकेतल्या कुणासाठी नव्हता.

शिवराईचं तर मला हसूच येतं. हातानं ठोकलेलं जाडजूड तांबं, शिक्का पत्र्यापेक्षा मोठा, त्यामुळं एका नाण्यावर "श्री राजा" पूर्ण येतं आणि "शिव" अर्धं कापलेलं, दुसऱ्यावर मागच्या बाजूचं "छत्रपती" नुसतं "छत्र" एवढंच. ती गावोगाव पडत राहिली, महाराजांच्या नंतर पेशवाईतही. त्यात बघायचं असतं अक्षराचं वळण, ठिपके, दुदांडी (अक्षरांमधल्या दोन आडव्या रेघा) आहे का, वजन. हे बघणारी माणसं साताऱ्यात, पुण्यात, कोल्हापुरात बसलीत. 70 पैकी किती हा प्रश्नच त्या नाण्याला लागू होत नाही. तू चांगल्या जाणकाराला दाखव, प्रत्येकाचं वजन लिही, दोन्ही बाजूंचा फोटो काढ आणि अण्णांनी कुठून घेतलं ते आठवतंय तेवढं वहीत टिपून ठेव. ती वही उद्या स्लॅबपेक्षा उपयोगी पडंल.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहितोय. शेवटून तिसरा फोटो. 1939 चा रुपया. फोटो मोठा करून करून बघितला मी. तो खरा असेल तर पेटीतलं बाकी सगळं एका बाजूला. 1939 चे रुपये पाडले पण बहुतेक वितळून गेले, हातात आलेले फार थोडे. म्हणून नकली पण तेवढेच. इथं सराफकट्ट्यावर नेऊन मशीनला लावशील, चांदी 91.7 टक्के येईल, वजन 11.66 ग्रॅम येईल, आणि तू खूश होशील. पण लगा, 1938 च्या रुपयाची चांदीही तीच आणि वजनही तेच! 8 चा 9 केलेला असला तर मशीन बिचारं काय सांगणार? आणि चांगल्या चांदीतच नकली ठोकलेला असला तरी तेच. सगळा खेळ त्या शेवटच्या आकड्याचा आहे, आणि तो बघायला हजारो नाणी भिंगाखालून गेलेली नजर लागते.

म्हणून पाठवायचा तर हा एकच पाठव. शंभर वर्षं व्हायला 2039 उजाडेल, तोवर कायदा आडवा येत नाही. पण भाच्याकडं नको. बऱ्याच जणांची नाणी एकत्र करून परदेशी ग्रेडिंगला पाठवणारे डीलर असतात, मुंबई पुण्याच्या नाणेप्रदर्शनात भेटतात, सगळी कागदपत्रं तेच करतात. पावतीवर नाण्याचं वर्ष, वजन, फोटो आणि विम्याची रक्कम लिहून घ्यायची, नाणं परत येताना कस्टम ड्युटीचा घोळ झाला तर कोण निस्तरणार हेही लिहून घ्यायचं. महिने लागतात, सारखा फोन करून काही होत नाही. परत आल्यावर डबीवरचा सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवून बघ, कारण हल्ली डब्यापण नकली निघायला लागल्यात, काय बोलायचं आता.

आणि त्याच्याही आधी एक टप्पा ठेव. प्रदर्शनात दोघा-तिघा जुन्या डीलरना नुसता दाखव, विकायचा नाही म्हणून आधीच सांग. तिघांनी आकडा बघून तोंड वाकडं केलं तर डॉलर वाचले. आणि कुणी लगेच "असू दे, मी घेतो की" म्हणून घाई करायला लागला तर खिशात घाल आणि तिथनं निघ.

मी माझ्या आबांच्या डब्यातलं एकही पाठवत नाहीय, माझ्याकडं तसं काही नाहीच म्हणा. फक्त जुना प्लॅस्टिकचा अल्बम टाकून दिला, त्यातल्या पीव्हीसीनं तांब्यावर हिरवट चिकट थर धरतो, तुझा निळा अल्बम तसलाच दिसतोय. आजच नाणी बाहेर काढ, कागदी पाकिटात घाल, काठाला धरून. घासू नको, ब्रासोबिसो तर अजिबात नको.

1939 चे नवे फोटो पाठव, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून, तारखेचा एकदम जवळून आणि काठाचा चारी बाजूंनी. शेजारी 1938 चा ठेवून काढलास तर फार बरं, तुझ्या पेटीत दोन दिसतायत. भाच्याला माझ्याकडून शुभेच्छा सांग, आणि त्याला म्हणावं मामानं पेटी दिली तरी घेऊ नको.

तुझा,
बाळ्या