सही करण्याआधी

प्रिय मित्रा,

स्वतःची कंपनी काढायची म्हणून नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त द्यायचा बाकी आहे, असं तू लिहिलंस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कल्पना चांगली आहे, ती तुझ्या हातून उभी राहील असंही मला मनापासून वाटतं. पण सोबत पाठवलेल्या हिशेबात एक रकाना नाही. कंपनी बुडाली तर गुंतवणूकदारांचे किती जातील, हे तू व्यवस्थित मांडलंयस. तुझं स्वतःचं किती जाईल, हे कुठेच दिसत नाही.

मर्यादित, म्हणजे लिमिटेड, कंपनी काढली की घरदार सुरक्षित, असं तू धरून चाललायस. तत्त्व म्हणून ते खरं आहे. इंग्लंडमधल्या सॉलोमन खटल्यात १८९६ साली कंपनी वेगळी आणि तिचा मालक वेगळा, म्हणजे कंपनीचं कर्ज मालकाचं नाही, हे पक्कं झालं. अनेक देशांचे कंपनी कायदे आजही त्याच पायावर उभे आहेत. पण नव्या कंपनीकडे तारण ठेवायला काही नसतं, म्हणून बँक संस्थापकांकडे वैयक्तिक हमी मागते, म्हणजे कंपनीने कर्ज फेडलं नाही तर ते स्वतःच्या खिशातून फेडण्याची लेखी कबुली. ती सही केलीस की कायद्याने दिलेलं संरक्षण त्या कर्जापुरतं तू स्वतःच सोडून दिलंस.

त्या कागदात 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' असे शब्द असतात. वाचताना ते नेहमीच्या कायदेशीर भाषेसारखे वाटतात आणि नजर पुढे सरकते. त्यांचा अर्थ असा की, भागीदारानेही सही केली असली तरी बँक सगळी रक्कम तुझ्या एकट्याकडून वसूल करू शकते. निम्मी जबाबदारी तुझी, निम्मी त्याची, असं बँकेच्या लेखी नसतं. आणि पुढे तू कंपनीतून बाहेर पडलास तरी बँकेने लेखी मोकळं केल्याशिवाय ती हमी सहसा सुटत नाही. हमी द्यायचीच असेल तर तिला रकमेची मर्यादा घालून माग. बोलणी करता येतात. बरेच जण विचारतच नाहीत.

नोकरीबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. रॅफी आणि फेंग या संशोधकांनी २०१४ साली अमेरिकेतली आकडेवारी तपासली. आधी नोकरी सांभाळून धंदा सुरू केलेल्या आणि मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्या लोकांचे उद्योग बंद पडण्याची शक्यता, थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. म्हणून पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांब, असं मला वाटतं. मात्र आधी तुझा नोकरीचा करार काढून वाच. नोकरीत असताना तू जे काही तयार करशील त्यावर कंपनीचा हक्क, असं कलम त्यात असू शकतं.

भागीदाराशी शेअर्सचं बोलून घे, आत्ताच, सगळं गोड असताना. शेअर्सवर चार वर्षांत हळूहळू हक्क मिळणं, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी जो सोडून जाईल त्याला काहीच नाही, ही रूढ पद्धत आहे. ती तुलाही लागू होऊ दे.

खरी भीती मला वेगळीच वाटते. कंपनी झटकन बुडाली तर तू पुन्हा उभा राहशील, नोकरीही मिळेल. पण ना धड चालणारी, ना धड बंद पडणारी कंपनी माणसाची वर्षं खाते. पगार घ्यायचा नाही, कर्मचाऱ्यांचे पगार क्रेडिट कार्डावरून भागवायचे, त्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारकडे भरायला 'पुढच्या महिन्यात' म्हणायचं. तो कर थकला तर बऱ्याच देशांत संचालकांच्या मागे वैयक्तिक वसुली लागू शकते. त्या अवस्थेत असताना थांबायचं कधी, हे माणसाला ठरवता येत नाही. पुढचं गिऱ्हाईक आलंच आहे, असं रोज वाटत राहतं.

म्हणून ते आत्ता ठरव. सारस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांच्या अभ्यासातून 'परवडणारं नुकसान' ही कल्पना मांडली आहे: नफा किती होईल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपण किती गमावू शकतो, ते आधी बघायचं. वहिनींबरोबर बस आणि दोन आकडे लिहा, किती बचत आणि किती महिने. काका-काकूंच्या औषधपाण्याचे पैसे त्या बचतीत धरू नकोस. आणि वहिनींना ठरलेल्या दिवशी 'पुरे' म्हणायचा हक्क दे. त्यांचा पगार तुझ्या कंपनीचा आधार असणार आहे, तेव्हा हा निर्णय तुझ्या एकट्याचा नाही.

बँकेचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. आपण दोघं वाचू आणि वकिलालाही दाखवू. वकिलाचे पैसे वाचवू नकोस. राजीनाम्याचं तोवर थांबशील ना? दोन ओळींत का होईना, लगेच कळव.

तुझाच,
जुना मित्र