पालथं करून बघ

प्रिय मित्रा,

"रानातल्या तळ्यात शेवाळाशिवाय असतं काय?" असं तू लिहिलंस. रागावायला मला तोंड नाही. गेल्या आठवड्यापर्यंत मीही हिरवं दिसेल त्याला शेवाळच म्हणत होतो.

तळं लहानसंच. वर दाट झाडी, तळाशी वर्षानुवर्षांचा पाचोळा, त्यामुळे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. काठाला सायीसारखा हिरवा थर होता. त्यातला चिमूटभर पांढऱ्या ताटलीत पाणी घालून सोडला, भिंग लावलं आणि एकेक टिकली पालथी करून बघितली. पोटातून एकच मूळ लोंबत असेल तर लेम्ना. मुळांचा झुपका आणि पोट जांभळट असेल तर स्पायरोडेला. रव्याएवढा दाणा आणि मुळाचा पत्ताच नाही, तो वुल्फिया. वुल्फिया म्हणजे जगातली सर्वांत लहान सपुष्प वनस्पती, मिलिमीटरभरसुद्धा नसते. या तिन्हींना फुलं येतात आणि आपण त्यांना शेवाळ म्हणून मोकळे! फुलावरून ओळखू म्हणशील, तर ती इतकी बारीक आणि क्वचित येणारी की वाट बघण्यात अर्थ नाही.

आता माझी फजिती ऐक. पाण्याखालून केसाळ दोऱ्यांचा एक गुंता हाती आला. मुळं नाहीत, पानं बारीक चिरलेली. मी वहीत शाईने ठोकून दिलं: सेराटोफायलम. या पाणवनस्पतीची पानं खोडाभोवती चक्राकार असतात, दोन फाट्यांची आणि हाताला खरखरीत. हे माझं प्रकरण तर मऊ होतं, पण घाई कुणाला चुकलीय! गुंता पाण्याबाहेर काढला तेव्हा अगदी बारीक चटचट ऐकू आली. कानाशी नेला, पुन्हा चटचट. भिंगाखाली पानांना मोहरीहून लहान फुगे दिसले, काही पारदर्शक, काही काळपट. युट्रिक्युलेरिया, बारीक जीव पकडून खाणारी वनस्पती! प्रत्येक फुगा म्हणजे एक सापळा. तो आतलं पाणी बाहेर टाकून पोट खपाटीला नेतो. दारावरच्या केसाला एखादा पाणपिसू घासला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. हवेत आल्यावर हेच सापळे हवा गिळत होते, त्याचा तो आवाज. काळपट होते ते बहुधा जेवून बसलेले. शाईचं खोडलं.

कुमुद म्हणून जे हृदयाकार पान मी कौतुकाने लिहून ठेवलं होतं तेही उलटलं. फूल पानाच्या देठातूनच फुटल्यासारखं, पांढऱ्या पाकळ्यांना झालर. कुमुद नव्हे, कुमुदिनी. नावं एवढी जवळची, कुळं मात्र वेगळी. काठचं 'गवत' बोटांत फिरवलं तर तीन धारा लागल्या, म्हणजे ते लव्हाळ्याच्या कुळातलं. पुढे नेटाने ओळखायला तुरा हवा, तो अजून आलेला नाही.

बघून झालं की सगळं तिथेच सोडतो आणि बूट धुतो. यातल्या कित्येकांना दुसऱ्या तळ्यात माजायला बोटभर तुकडा पुरतो.

एक लांब, फितीसारखं पान अजून ओळखता आलेलं नाही. तुला दाखवायचंय. येताना ताटली घेऊन ये, माझ्या ताटलीला तडा गेलाय.

तुझाच